पुस्तक खूण सांगतं का?

ज्या पाककृतीच्या पुस्तकात ग्रॅम, मिलिलिटर आणि मिनिटं दिलेली नाहीत, ते विश्वास ठेवण्याजोगं नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. 'बेताचं पाणी', 'अंदाजाने मीठ', 'मावेल तेवढं पीठ' असं काही दिसलं की मी समासात पेन्सिलीने फुली मारत असे. आज ते मत माझ्याकडे उरलेलं नाही. एका रात्रीत गेलं असंही नाही. हळूहळू सुटत गेलं आणि सुटताना मी त्याला पुष्कळ धरूनही ठेवलं. ते कसं सुटलं हे लिहावंसं वाटलं, कारण आमच्या ओळखीत हौसेने पुस्तकं आणून पदार्थ करून पाहणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्यातली निम्मी तरी अजून माझ्या जुन्या मताची आहेत.

त्या मताला कारण होतं. नोकरीची सगळी वर्षं मी औषधांच्या कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रण विभागात काढली. तिथे काट्यावर चौथ्या दशांशापर्यंतचं वजन नोंदवायचं आणि नोंद नसेल तर ते काम झालंच नाही असं धरायचं, ही शिस्त. तीच घरी आली. ओट्यावर डिजिटल काटा, भिंतीवर सेकंद दाखवणारं घड्याळ. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून नवं पुस्तक आणायचं, त्यातला एखादा पदार्थ सुट्टीच्या दिवशी अक्षरही न बदलता करायचा आणि मग पुस्तकाला निकाल द्यायचा. या पद्धतीतला एक भाग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही. पहिल्यांदा करताना पुस्तकात लिहिलंय तसंच करावं. लोक साखर कमी करतात, तुपाऐवजी तेल घालतात, रवा मिळाला तो वापरतात आणि मग म्हणतात, पुस्तकातलं काही जमत नाही. हा लिहिणारीवर अन्याय आहे.

घरात 'रुचिरा' होतीच. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनाने काढलं आणि पुढे कित्येक वर्षं लग्न ठरलेल्या मुलीला ते देण्याची रीतच पडली. लाखाच्या वर प्रती खपल्या. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, स्वयंपाक सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला. त्यांच्या पाककृती मी करत होते, त्या उतरतही होत्या. तरी पुस्तक म्हणून मी त्याला मान देत नव्हते. माझा आक्षेप एकच: वाटी कुणाची? आमच्या घरात लग्नातली स्टीलची वाटी दीडशे मिलिलिटरच्या आसपास भरते, आमटीची वाटी दोनशेच्या पुढे जाते आणि देवाच्या नैवेद्याची तर शंभरही नाही.

या आक्षेपाला पहिला धक्का जुन्या पुस्तकांनी दिला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' हे मराठीतलं पाककृतींचं अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक. १८७५ सालचं, पुण्यातलंच. अशा पुस्तकातली मापं त्या काळाची, शेर-तोळ्याची. मला वाटलं होतं, वजनातली मापं आहेत म्हणजे काम सोपं. ऐंशी तोळ्यांचा शेर, एक तोळा म्हणजे अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅम, गुणाकार केला की झालं. पण शेर एक नव्हता. कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. गूळ-तूप वजनावर, तर धान्य मापावर, म्हणजे पायली, शेर, मापटं, चिपटं असं. आणि मापाचा शेर गावागणिक बदलणारा. कागदावरचा आकडा पक्का दिसतो, पण ज्या मापट्याने तो मोजला ते मापटंच आज हातात नाही. उलट 'पाक तारेवर आला की उतरवावा' किंवा 'तूप सुटू लागलं की' असं कुठल्याही जुन्या पुस्तकात दिसलं, की त्याला कोष्टक लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं तूप सुटायचं तसंच आजही सुटतं.

मग 'रुचिरा'कडे मी पुन्हा पाहिलं. आपल्याकडे दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पासून जुनी वजनं कायद्याने बंद झाली. म्हणजे हे पुस्तक निघालं तेव्हा घराघरांत शेर-मापट्यावर वाढलेल्या बायका किलोने सामान आणायला नुकत्या कुठे रुळल्या होत्या. सासूच्या तोंडी मापटं, सुनेच्या यादीत पाव किलो. अशा वेळी दोघींच्या हाताशी असलेलं एकच भांडं होतं, ते म्हणजे वाटी. कमलाबाईंनी ते का निवडलं याचा हा माझा तर्क आहे. पण तर्क सोडा, व्यवहार पाहा. दोन वाट्या रवा आणि दीड वाटी साखर म्हटलं की वाटी कोणतीही असो, चाराला तीन हे नातं बदलत नाही. माझी भाची म्युनिकला असते. तिच्या घरी आपली वाटीच नाही, ती कॉफीच्या मगाने मोजते आणि तिचा शिरा व्यवस्थित होतो. ग्रॅमवर अडून बसलेल्या मला हे मान्य करायला वेळ लागला, कारण नात्याने मोजणं हेही मोजणंच आहे आणि ते मी प्रयोगशाळेत रोज करत होते.

इथपर्यंत माझं मत फक्त वाटीपुरतं मऊ झालं होतं. ते उलटलं पाकातल्या रव्याच्या लाडवांनी.

ज्यांनी हे लाडू केले आहेत त्यांना सगळा खेळ पाकाचा आहे हे माहीत असतं. पाक कच्चा राहिला तर लाडू बसतो, चपटा होतो, हाताला ओला लागतो. पुढे गेला तर मिश्रण कढईतच कोरडं होतं आणि वळलेला लाडू फोडायला बत्ता लागतो. पाक एकतारी हवा. मी त्यासाठी साखरेचा थर्मामीटर आणला होता. एका इंग्रजी पुस्तकात पाकाच्या प्रत्येक पायरीचं तापमान दिलं होतं आणि त्याहून पक्कं काही असू शकतं असं मला वाटत नव्हतं. आता कढई डोळ्यासमोर आणा. साखर बुडेल इतकं पाणी, मध्यम आच. आधी मोठे, पातळ, पटकन फुटणारे बुडबुडे येतात. मग बुडबुडे लहान आणि दाट होतात, फुटायला वेळ लावतात, आणि डाव उचलला तर शेवटचा थेंब खाली पडायच्या आधी जरा लोंबकळतो. या वेळी डावातला एक थेंब ताटलीत घ्यायचा, फुंकर घालायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच उघडायचं. मधे एक बारीक तार ताणली जाते आणि तुटत नाही. हा एकतारी पाक. माझ्या बोटांत ती तार आली, आणि थर्मामीटर अजून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन अंश खाली होता.

बोटांवर विश्वास ठेवू की पाऱ्यावर? मी त्या दिवशी दोन्ही केलं. अर्धा पाक काढून त्यात रवा घातला आणि उरलेला आकड्यापर्यंत जाऊ दिला. बोटांवर सोडलेले लाडू झाकून ठेवल्यावर काही तासांनी छान वळले. मिश्रण मुठीत दाबलं की बोटांचे ठसे त्यावर राहत होते. आकड्यावर सोडलेले कडक झाले. कारण नंतर लक्षात आलं आणि ते पुण्याशी बांधलेलं आहे. त्या पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं आणि साखरेचा पाकही त्याच हिशेबाने दोनेक अंश खाली येतो. म्हणजे मुंबईत १०५ वर जो पाक मिळेल तो पुण्यात १०३ लाच तयार असतो. १०५ ची वाट पाहत बसलं तर तो पुढे गेलेला असतो. थर्मामीटरमध्ये काही दोष नव्हता. आकडा बरोबर होता, फक्त तो दुसऱ्या गावाचा होता. तारेला गाव नाही. ती मुंबईत, पुण्यात, महाबळेश्वरला सारखीच येते.

यानंतर मला माझ्याच कामातली एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षं डोळ्यासमोर असून मी स्वयंपाकाला लावली नव्हती. टायट्रेशन करताना ब्युरेटवरचा आकडा आपण दशांशात वाचतो, त्यावर सही करतो. पण नळी कुठे बंद करायची हे ब्युरेट सांगत नाही. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा पहिला फिकट गुलाबी रंग येतो, हलवला तरी अर्धा मिनिट टिकतो, तो डोळ्यांनी पकडायचा असतो. नव्या मुलींना मी हेच शिकवत असे: आधी रंग पाहायला शीक, आकडा आपोआप बरोबर येईल. पाकातली तार आणि फ्लास्कमधला गुलाबी रंग यांचं काम एकच. सगळी मोजणी त्या खुणेवर उभी असते. मग पाककृतीत खूण लिहिणारीला 'अंदाजपंचे' म्हणण्याचा मला काय अधिकार?

तेव्हापासून मी पुस्तकं वेगळ्या नजरेने चाळू लागले आणि आपल्या पाककृतींत खुणांचा किती मोठा साठा आहे हे दिसायला लागलं. पुरण शिजलं कधी? उलथनं मधोमध रोवलं आणि ते उभं राहिलं की. बेसन भाजलं कधी? आधी गोळा धरतं, जड लागतं, मग सैल होतं, तूप सोडतं आणि खमंग वास शेजारच्या खोलीत पोचतो तेव्हा. चकली तळून झाली कधी? तिच्याभोवतीचे बुडबुडे कमी होत जातात आणि तेल जवळजवळ शांत होतं तेव्हा. यातली एकही खूण मिनिटांत सांगता येणार नाही, कारण मिनिटं गॅसच्या शेगडीवर, कढईच्या जाडीवर आणि घाण्याच्या आकारावर ठरतात.

उकडीच्या मोदकांचं तसंच. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी हे प्रमाण सगळीकडे मिळतं आणि ते चांगलं आहे. पण तांदूळ? नवा तांदूळ बाजारात येतो दिवाळीच्या सुमाराला. गणपतीत आपण जो आंबेमोहोर दळून आणतो तो किमान गेल्या हंगामाचा असतो आणि दुकानदाराकडे त्याहून जुनाही असू शकतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो. त्यात भाद्रपदातली हवा दमट, पीठ किती दिवस डब्यात आहे यावरही फरक पडतो. इकडे पावसाळ्यात गूळ पाझरलेला, त्यामुळे सारणही पातळ व्हायला बघतं. अशा वेळी ग्रॅममधलं प्रमाण कितीही काटेकोर असलं तरी तुमच्या हातातल्या पिठाबद्दल त्याला काही ठाऊक नाही. ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पारी करताना कडेला चिरा पडल्या तर उकड कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, ते पुस्तक तुमच्या ओट्याशी उभं असतं.

मी हे सगळं ठरवून टाकलं, तरी मनात एक शंका होती. खुणा घरच्या स्वयंपाकाला ठीक, पण मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांना तर वजनच लागत असेल. सदाशिव पेठेत एक काकू दिवाळीचा फराळ करून देतात, ऑर्डरी पितृपक्षापासून सुरू होतात. त्यांना मी विचारलं, "काकू, चकलीला मोहन किती ग्रॅम घालता?"

"वहीत लिहिलंय की. वजन आहे. पण हात वजनावर थांबत नाही गं. मोहन पिठाला चोळलं की मुटका वळून बघायचा. वळला पाहिजे, आणि बोटाने दाबला की मोडला पाहिजे. मग पाणी घालायचं."

"मग वजन कशाला करता?"

"ते गिऱ्हाइकासाठी. किलोचा भाव सांगायचा तर तेल किती गेलं ते कळायला नको?"

पहिली चकली त्या एकटीच तळतात. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालं, म्हणून थोडी भाजणी आणखी मळून घालतात. कडक झाली तर मोहन कमी. मग बाकीच्या पाडतात. हिशेबाला वजन आणि पदार्थाला खूण अशी त्यांनी सरळ वाटणी केली आहे आणि मला ती पटली.

एका पुस्तकाने मात्र मला याहून पुढे नेलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या जेवणाबद्दलचं हे पुस्तक आहे आणि त्यात पाककृतीही आहेत. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती असलेलं एक पुस्तक काढलं होतं. ही दोन्ही वाचल्यावर कळलं की मी ज्या पुस्तकांची परीक्षा घेत बसले होते त्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. डब्यात डाळ आहे, बरणीत तूप आहे, आणि प्रश्न फक्त किती घ्यायचं एवढाच आहे. जिथे तेल विकत घेणं परवडत नव्हतं, जिथे मिळालं त्यावर पदार्थ ठरत होता, तिथे 'दोनशे ग्रॅम' या शब्दाला काय अर्थ? त्या स्वयंपाकाची पारख वासावर, दाटपणावर आणि किती जणांना पुरलं यावरच होणार. आपल्या कपाटातली गाजलेली पुस्तकं किती थोड्या घरांची आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं आणि तेव्हापासून मी त्यांना 'महाराष्ट्रीय स्वयंपाकाचं पुस्तक' असं सरसकट म्हणणं थांबवलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे काटा अडगळीत टाकला का? नाही. केक आणि पाव मी वजनावरच करते. भट्टीचं दार लावल्यावर हात आत जात नाही आणि चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करायची वेळ गेलेली असते. कैरीच्या लोणच्याचं मीठही मी वजन करून घालते. मीठ कमी पडलं याची खूण आषाढात, बरणीला बुरशी आल्यावर दिसते, आणि ती काय कामाची? नारळाचंही तेच, 'एक नारळ' हे माप मला आजही पटत नाही. मंडईत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन नारळांच्या खोबऱ्यात जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. म्हणून माझी आजची कसोटी अशी: पदार्थ करताना खूण वेळेत दिसत असेल तर पुस्तकाने ती सांगितली पाहिजे, दिसत नसेल तर आकडा दिला पाहिजे. ज्या पुस्तकाला यातला फरक कळतो ते चांगलं. नुसते आकडे छापून 'अचूक' म्हणवणाऱ्या, गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तकांना मी आता कमी गुण देते. फोटोत झालेला पदार्थ दिसतो, होत असलेला दिसत नाही. व्हिडिओत तोही दिसतो, पण भाजलेल्या रव्याचा वास पडद्यातून येत नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो.

समासातल्या जुन्या फुल्या मी पुसलेल्या नाहीत. त्यांच्या शेजारी आता पदार्थाची खूण लिहिते, आणि जिथे पुस्तकात ती आधीच आहे तिथे तिच्याखाली रेघ मारते. 'रुचिरा'च्या माझ्या प्रतीत अशा रेघा पुष्कळ झाल्या आहेत.

पाककृती लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की प्रमाणाच्या कोष्टकाखाली दोन ओळी वाढवा आणि पदार्थ मधे कसा दिसतो, झाल्यावर कसा दिसतो, बिघडायला लागला तर काय करायचं, ते लिहा. आणि तुम्ही वाचणाऱ्यांनी, आईकडून, सासूबाईंकडून किंवा शेजारच्या काकूंकडून पुढच्या वेळी काही लिहून घ्याल तेव्हा प्रमाण जरूर विचारा. पण 'झालं हे कशावरून ओळखायचं?' हेही विचारा आणि त्या देतील ते उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.